पंधरा लाखांत जुनी लक्झरी गाडी घ्यावी की नवी मध्यम गाडी? निर्णय कसा करावा

बजेट पंधरा-सोळा लाखांचं असलं की त्याच पैशात दोन अगदी वेगळ्या गाड्या समोर येतात. एकीकडे शोरूममधली कोरी क्रेटा, सेल्टॉस किंवा व्हर्टस. दुसरीकडे आठ-नऊ वर्षं वापरलेली मर्सिडीज सी-क्लास, बीएमडब्ल्यू ३ सिरीज नाहीतर ऑडी ए४, जिची नवी असतानाची किंमत चाळीस लाखांच्या आसपास होती. मोह दोन्हीकडे आहे आणि तो खोटा नाही. चांगली राखलेली ३ सिरीज घाटातल्या वळणांवर जशी चालते, तशी या भावातली कुठलीही नवी एसयूव्ही चालत नाही, हे मीही मान्य करतो. पण मन एका बाजूला झुकण्याआधी पुढची कामं क्रमाने करून घ्या.

ती करताना एक गोष्ट धरून ठेवा. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. पंधरा लाखांना मिळालेल्या सी-क्लासचा हेडलाइट, सस्पेन्शन आणि गिअरबॉक्स चाळीस लाखांच्या गाडीचाच असतो आणि त्याच भावात येतो.

पायरी १ : गाडी कशासाठी हवी ते लिहून काढा

घरात ही एकच गाडी असणार का? रोज ऑफिसला जायचं आहे की शनिवार-रविवारीच बाहेर काढायची आहे? वर्षाला किती किलोमीटर होतील? घरातलं आणखी कोण चालवणार? आणि गावाकडचा शेवटचा रस्ता कसा आहे?

शेवटचा प्रश्न लोक सोडून देतात. क्रेटाचा ग्राउंड क्लिअरन्स १९० मिमी आहे, जर्मन सेदान त्यापेक्षा बऱ्याच खाली बसतात. अनेक बीएमडब्ल्यूंना रन-फ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. पंक्चर झाल्यावर ताशी ८० किमीच्या आत वेग ठेवून साधारण ८० किमी जाता येतं, पण पावसाळ्यातल्या खड्ड्यात टायरची बाजू फाटली तर गाडी क्रेनवरच न्यावी लागते. सोसायटीच्या तीव्र उताराला किंवा वाडीच्या चढाला गाडीचं पोट घासणार असेल, तर हिशेबापर्यंत जायचीही गरज नाही.

पायरी २ : आधी गॅरेज शोधा, मग गाडी

लक्झरी गाडीचा विचार असेल तर गाड्यांच्या जाहिराती बघण्यापूर्वी दोन फोन करा. पहिला त्या ब्रँडच्या जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला, दुसरा त्याच ब्रँडची कामं करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजला. पुण्या-मुंबईत अशी गॅरेजेस आहेत. त्यांच्याकडे त्या ब्रँडचा स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) असतो आणि बॉश, झेडएफ, माहले अशा मूळ पुरवठादारांचे पार्ट ते कंपनीच्या खोक्यातल्या पार्टपेक्षा बऱ्यापैकी कमी भावात बसवून देतात.

दोन्ही ठिकाणी याच पाच कामांचा दर विचारा : वार्षिक सर्व्हिस, पुढचे ब्रेक डिस्क आणि पॅड, पुढच्या सस्पेन्शनचे आर्म, गिअरबॉक्स ऑइल बदल, बॅटरी. बॅटरीचंही विचारायचं, कारण बीएमडब्ल्यूसारख्या गाडीत नवी बॅटरी बसवल्यावर स्कॅनर लावून गाडीला तशी नोंद द्यावी लागते. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली आणि बसवली, असं ते काम नाही.

मर्सिडीज चाकणला जोडली जाते, ऑडी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला. पण कारखाना महाराष्ट्रात आहे म्हणून तुमच्या तालुक्यात मिस्त्री मिळेल असं नाही. चांगलं गॅरेज दीडशे किमीवर असेल तर नवी मध्यम गाडी घ्या. याबाबतीत माझं मत पक्कं आहे.

पायरी ३ : चार वर्षांचा हिशेब मांडा

वहीत दोन रकाने आखा आणि दोन्ही गाड्यांसाठी तेच मुद्दे भरा : खरेदी, व्याज, विमा, सर्व्हिस, टायर, इंधन, अचानक निघणारी कामं आणि चार वर्षांनी विकल्यावर येणारी रक्कम.

नव्या गाडीत पहिल्याच दिवशी काही पैसे कायमचे जातात. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेलवर १३ ते १५ टक्के रस्ता कर आहे. एक्स-शोरूम १३ लाखांच्या पेट्रोल गाडीवर १२ टक्क्यांनी १ लाख ५६ हजार होतात, आणि ते विक्रीच्या वेळी वेगळे कुणी मोजून देत नाही.

कर्जात मात्र नवी गाडी पुढे राहते. जुन्या गाडीला व्याजदर जास्त आणि मुदत कमी मिळते. समजा नव्या गाडीसाठी १० लाख ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता साधारण २०,७५८ रुपये. तेच १० लाख जुन्या गाडीसाठी १३ टक्क्यांनी चार वर्षांसाठी घेतले, तर हप्ता २६,८२७ रुपये. दर महिन्याला सहा हजारांचा फरक, आणि तोही दुरुस्तीचा खर्च ज्या गाडीत जास्त आहे तिच्याच बाबतीत.

विम्यात आणखी एक खाच आहे. झिरो डेप्रिसिएशनचं संरक्षण बहुतेक कंपन्या गाडी पाच वर्षांची होईपर्यंतच सहज देतात. ते नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. लक्झरी गाडीचा एलईडी हेडलाइट लाखाच्या घरात जाऊ शकतो. सिग्नलला समोरच्या टेम्पोने रिव्हर्स घेताना तो फोडला, की त्याचा मोठा हिस्सा तुमच्या खिशातून जाणार. थर्ड पार्टी हप्तादेखील २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये आहे. वर उल्लेख केलेल्या बहुतेक जर्मन गाड्या दुसऱ्या गटात मोडतात.

"अचानक निघणारी कामं" या ओळीत जुन्या लक्झरी गाडीसमोर मी निदान अडीच लाख लिहीन, आणि ते कर्जातून नाही, बँकेत बाजूला ठेवलेले. हे पैसे ठेवल्यावर गाडी बजेटबाहेर जात असेल, तर ती मुळातच बजेटबाहेर होती.

घरात एकच गाडी, रोजचा वापर आणि हप्त्यांवर खरेदी असेल, तर नवी मध्यम गाडी घ्यावी असं मला वाटतं. तीच गाडी दोन-तीन वर्षं वापरलेली, पहिल्या मालकाची, वॉरंटी शिल्लक असलेली मिळाली तर उत्तम, कारण रस्ता कर आणि पहिला मोठा घसारा त्याने सोसलेला असतो. घरात एक भरवशाची गाडी आधीच असेल, रोख पैसे असतील आणि चालवण्याची आवड असेल, तर जुनी लक्झरी गाडी मनापासून घ्या.

सुरक्षिततेसाठी जर्मनच हवी, असं म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं : व्हर्टस आणि स्कोडा स्लाव्हियाला २०२३ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले आहेत, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपच्या चाचण्याही सुरू झाल्या आहेत. मध्यम गाडी म्हणजे पत्र्याचा डबा, हे दिवस गेले. मात्र प्रत्येक मॉडेलचे तारे बघूनच पैसे भरा.

पायरी ४ : ब्रँडऐवजी इंजिन निवडा

"बीएमडब्ल्यू घ्यायची" एवढं पुरेसं नाही. २०१६ च्या आधीच्या ३२०डीमध्ये, म्हणजे डिझेल ३ सिरीजमध्ये, एन४७ हे डिझेल इंजिन होतं. त्याच्या टायमिंग चेनच्या तक्रारी जगभर झाल्या, आणि ती चेन गिअरबॉक्सच्या बाजूला असल्याने काम फार मोठं निघतं. २०१६ पासूनच्या फेसलिफ्टमध्ये, म्हणजे सुधारित आवृत्तीत, बी४७ हे नवं इंजिन आलं. त्यामुळे एका वर्षाच्या फरकासाठी थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. जुन्या पिढीच्या ऑडी ए४ मधलं टीएफएसआय पेट्रोल इंजिन ऑइल पिण्यासाठी बदनाम होतं. सी-क्लास घ्यायची तर २०१४ अखेरीस आलेल्या डब्ल्यू२०५ पिढीपासून पुढची बघा. एअर सस्पेन्शन असलेल्या मोठ्या एसयूव्ही स्वस्त दिसतात, पण या बजेटमध्ये मी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

पेट्रोल गाडी असेल तर पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं इंधन मिळतं हेही लक्षात घ्या. गाडीच्या पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणाच्या आत किती इथेनॉल चालतं ते लिहिलेलं असतं. वाचून घ्या आणि इंधनाचे रबरी पाइप व सील तपासायला सांगा.

पायरी ५ : गाडी तपासा, आणि घाई करू नका

विक्रेत्याला आधीच सांगा की गाडी सकाळी बघणार आणि तोपर्यंत ती सुरू करायची नाही. पोहोचल्यावर पहिला हात बॉनेटवर ठेवा. गरम लागलं तर त्याने आधी इंजिन चालवून ठेवलं आहे, म्हणजे थंड इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नाही. अशा वेळी दुसरा दिवस मागा.

चावी फिरवल्यावर सगळे वॉर्निंग लाइट लागून मग विझले पाहिजेत. एखादा लाइट मुळीच लागला नाही तर तो काढून टाकलेला असू शकतो. स्टार्ट झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत साखळीसारखी खडखड येते का ऐका. ब्रेक दाबून गिअर पी मधून डी, डी मधून आर असा हळू फिरवा. धक्का बसला किंवा गाडीने उत्तर द्यायला वेळ लावला तर गिअरबॉक्सचं काम आहे.

गिअरबॉक्सबद्दल "ऑइल आयुष्यभराचं आहे" हे उत्तर हमखास मिळतं. ३ सिरीजचा आठ गिअरचा बॉक्स झेडएफ बनवते, आणि झेडएफचा स्वतःचा सल्ला ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा आठ वर्षांनी ऑइल बदलण्याचा आहे. त्यात फिल्टर प्लास्टिकच्या पॅनमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे पॅनसकट बदलावं लागतं. हे काम झाल्याचं बिल नसेल तर तो खर्च भावातून वजा करा.

पुराची गाडी ओळखणं आपल्याकडे फार गरजेचं आहे. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, २०२१ मध्ये चिपळूण, त्याआधी २०१५ मध्ये चेन्नई. पाण्यात बुडालेल्या गाड्या साफसूफ होऊन दुसऱ्या गावात विकायला येतात. पुढच्या सीटचा बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथे चिखलाची रेघ किंवा कुबट वास सापडतो. मग डिकीतला गालिचा उचलून खालचा खड्डा बघा आणि सीटखालच्या नटबोल्टवर गंज आहे का ते बघा. शंका आली की गाडी सोडा. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी दोन-दोन वर्षांनी त्रास देतं.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर मालकाने बाकीच्या कामांतही काटकसर केली असणार. दुसरी किल्ली मागा. नसेल तर ती बनवायला हजारो रुपये जातात.

यानंतर गाडी पायरी २ मधल्या गॅरेजला न्या. मीटरवरचा किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, पण अनेक लक्झरी गाड्यांत तो आकडा इतर मोड्यूलमध्येही साठवलेला असतो आणि स्कॅनरवर तफावत दिसते. चॅसिस नंबर देऊन अधिकृत सेंटरमधली सर्व्हिस हिस्ट्रीही काढून घ्या. विक्रेता तपासणीला नाही म्हणाला तर व्यवहार तिथेच संपवा.

नवी गाडी घेणाऱ्यांसाठी ही पायरी छोटी आहे. नोंदणी होण्यापूर्वी स्टॉकयार्डात जाऊन चॅसिस नंबरवरून उत्पादनाचा महिना बघा, रंग आणि किलोमीटर बघा.

पायरी ६ : कागद

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ आणि वर महाराष्ट्राचा रस्ता कर. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात त्या बऱ्याचदा याच कारणाने : तिथे राष्ट्रीय हरित लवादाच्या आणि पुढे २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. कर भरल्यावर ती स्वस्ताई बहुतेक उरत नाही.

ई-चलनं थकली आहेत का ते बघा. एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, बसली आहे का तेही. नोंदणी १५ वर्षांची असते, त्यामुळे नऊ वर्षांची गाडी घेताना नोंदणीची सहाच वर्षं हातात आहेत.

पायरी ७ : भाव आणि ताबा

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवर उपकरासकट ४५-५० टक्क्यांपर्यंत जाणाऱ्या कराऐवजी सरसकट ४० टक्के जीएसटी आणि छोट्यांवर १८ टक्के लागतो. नव्या गाड्या स्वस्त झाल्या म्हणजे जुन्यांचाही भाव खाली यायला हवा. विक्रेता त्याआधीचा आकडा धरून बसला असेल तर हे शांतपणे पुढे ठेवा, आणि गॅरेजच्या कामांची यादी सोबत ठेवा.

टोकन द्यायचं तर "कागद किंवा तपासणीत दोष निघाल्यास परत" असं लिहून घ्या. ताबा घेताना तारीख आणि वेळ टाकून डिलिव्हरी नोट करा. विमा तुमच्या नावावर करण्यासाठी १४ दिवसांत अर्ज करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, म्हणून त्या फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. फास्टॅग त्याने बंद करायचा, तुम्ही नवा घ्यायचा.

लक्झरी गाडी घेतली असेल तर पहिल्या आठवड्यातच इंजिन ऑइल, ब्रेक फ्लुइड, कूलंट आणि सगळे फिल्टर बदलून घ्या, आधीच्या मालकाने काहीही सांगितलं असलं तरी. बिलं एका फाइलमध्ये लावत जा. चार वर्षांनी ती गाडी बघायला येणारा माणूस पहिल्यांदा तीच फाइल मागणार आहे.