व्हायनल सायडिंगची फुटलेली पट्टी बदलताना

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलं की बाहेरच्या भिंतींवर बरेचदा व्हायनल सायडिंगच (पीव्हीसी प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्यांचं आवरण) मिळतं. रंग द्यायला नको, वाळवीची भीती नाही. पण गवत कापायच्या यंत्रातून उडालेला खडा, गारा किंवा भिंतीला खेटून ठेवलेला बार्बेक्यूचा ग्रिल यांच्यापुढे त्याचं काही चालत नाही. एखाद-दुसरी पट्टी बदलायला कंत्राटदार लागत नाही. तळमजल्याच्या उंचीवरचं काम असेल तर अर्धा दिवस पुरतो.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. सायडिंग भिंतीला घट्ट ठोकलेलं नसतं, ते खिळ्यांवर टांगलेलं असतं. पीव्हीसीची बारा फुटी पट्टी कडाक्याच्या थंडीपासून भर उन्हाळ्यापर्यंत अर्ध्या इंचाहून जास्त लांबते-आखडते. तिला सरकायला वाव नसेल तर भिंतीवर लाटा उमटतात. घरच्या घरी केलेल्या दुरुस्त्या बिघडतात त्या बहुतेक याच कारणाने: माणूस चांगलं काम करायच्या नादात खिळा पार आत ठोकतो.

खरी डोकेदुखी जुळणारी पट्टी मिळवण्याची. एका पट्टीत चार-चार इंचांच्या दोन ओळी दिसत असतील तर ते ‘डबल फोर’, पाच-पाच इंचांच्या असतील तर ‘डबल फाइव्ह’. ओळीचा वरचा भाग खोलगट असेल तर ‘डच लॅप’. दुकानात जाताना फुटलेला तुकडाच सोबत न्या. मागच्या बाजूला कधीकधी कंपनीचं नाव छापलेलं सापडतं. बांधकाम साहित्याच्या सप्लाय यार्डात बहुधा २०० चौरस फुटांची पेटीच विकतात, तेव्हा सुटी पट्टी मिळते का ते आधी फोनवर विचारा. आणि रंग तोच मिळाला तरी तो जुळणार नाही, कारण भिंतीवरचा उन्हाने विटलेला असतो. यावर जुना उपाय आहे: गॅरेजच्या मागची, कुणाच्या नजरेत न येणारी पट्टी काढून दर्शनी भागात लावा आणि नवी तिच्या जागी मागे ढकला. काम दुप्पट होतं, पण ठिगळ दिसत नाही. वसाहतीला एचओए (घरमालकांची संघटना) असेल तर रंगाबद्दल त्यांना आधी विचारलेलं बरं.

हत्यारांत झिप टूल हवंच. पुढे वाकडा आकडा असलेली ही छोटीशी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. याशिवाय चपटी पहार, हातोडी, पत्रा कापायची कात्री, युटिलिटी नाइफ आणि दीड ते दोन इंची गॅल्व्हनाइज्ड रूफिंगचे खिळे. खिळा लाकडात किमान सव्वा इंच जायला हवा. मध्ये फोमचा थर असेल तर तेवढा लांब घ्या. गोठणाऱ्या थंडीत हे काम काढू नका, व्हायनल ठिसूळ होऊन चांगली पट्टीही तडकते.

सुरुवात फुटलेल्या पट्टीपासून नाही, तिच्या वरच्या पट्टीपासून. वरच्या पट्टीच्या खालच्या कडेखाली झिप टूल सरकवा, आकडा अडकला की खाली ओढा आणि तसंच कडेकडेने नेत पट्टी सोडवत जा. सुटलेली कड लाकडी पाचर लावून जरा वर धरून ठेवा. फार वाकवलीत तर पांढरी रेघ उमटते आणि ती जात नाही. आता फुटक्या पट्टीचे खिळे दिसतील. पहार खिळ्याच्या डोक्यामागे घालून ते उपसा, मग खालचा लॉक (खालच्या पट्टीत अडकणारी दुमडलेली कड) सोडवून पट्टी काढा.

आतल्या हाउस रॅपला (भिंतीत पाणी जाऊ न देणारं आवरण) चीर असेल तर शीदिंग टेप (त्यासाठीची चिकटपट्टी) लावा. प्लायवूड दाबून पाहा. मऊ लागलं तर पाणी कुठून येतंय ते शोधल्याशिवाय भिंत बंद करू नका. घर जुनं असेल आणि आत राखाडी, सिमेंटसारख्या शिंगल्स (भिंतीवर बसवलेल्या पातळ चपट्या चकत्या) दिसल्या तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्यांना खिळा, करवत काहीही लावू नका. आधी तपासणी करून घ्या.

नवी पट्टी दोन्ही टोकांच्या चॅनलमध्ये (पट्टीचं टोक जिच्यात सरकतं ती खाच) पाव-पाव इंच मोकळी राहील अशी कापा. पारा ४ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर हे अंतर ३/८ इंच ठेवा, कारण ती पुढे उन्हाळ्यात वाढणार आहे. शेजारच्या पट्टीवर चढवायची असेल तर एक इंच पुरे, आणि उघडी कड दाराकडून येणाऱ्याला दिसणार नाही अशी ठेवा. खालचा लॉक ‘टक्’ होईपर्यंत सगळ्या लांबीभर दाबा, पण पट्टी वर ताणू नका. खिळे लांबट छिद्रांच्या बरोबर मध्ये, सरळ, सोळा-सोळा इंचांवर, पट्टीच्या मध्यापासून टोकांकडे. डोकं आणि पट्टी यांत एका डाइमच्या (दहा सेंटचं नाणं) जाडीइतकी फट हवी. मग पट्टी हाताने डावी-उजवीकडे सरकवून बघा. सरकली नाही तर कुठला तरी खिळा घट्ट झालाय. तो थोडा उपसा. सगळं जमलं की झिप टूलनेच वरची पट्टी परत अडकवा.

खिळ्याएवढं भोक असेल तर एवढा खटाटोप नको. जागा पुसून कोरडी करा, कॉल्कच्या (फटी बुजवायचा लगदा) नळीचं टोक भोकात घालून आतून भरा आणि वाळल्यावर वर आलेलं छाटून टाका. मात्र पट्ट्यांच्या खालच्या कडा आणि तिथली बारीक छिद्रं कॉल्कने कधीच बुजवू नका. पावसाचं थोडं पाणी मागे जातंच, ते तिथूनच बाहेर पडतं.

पट्टी फुटलेली नसून वितळून वाकडी झाली असेल तर कारण गेल्याशिवाय नवी लावून उपयोग नाही. साधारण ७० अंश सेल्सिअसपुढे व्हायनल आकार सोडतं. ग्रिल असेल तर तो लांब हलवा. दिवाळीत पॅटिओवर पणत्या लावताना त्याही भिंतीपासून दूर ठेवा. पण जवळपास आच नसतानाही भिंतीच्या ठरावीक भागातच पट्ट्या वाकत असतील तर समोरच्या घराची लो-ई काचेची (उष्णता परतवणारा थर दिलेली काच) खिडकी बघा. तिच्यावरून परावर्तित होणारं ऊन एकाच जागी एकवटतं. त्या खिडकीला बाहेरून पूर्ण जाळी लावली की बहुतेक वेळा भागतं. शेजाऱ्यांशी बोलून ते आधी करून घ्या, पट्टी नंतर बदला.