ऑडासिटीत पंख्याची घरघर कमी करायची तर

घरी आवाज रेकॉर्ड करताना पंखा बंद केला तरी फ्रिज किंवा कॉम्प्युटरच्या फॅनची घरघर मागे राहतेच. ऑडासिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये ती बरीच कमी करता येते, पण तयारी रेकॉर्डिंगच्या वेळीच करावी लागते. लाल बटण दाबल्यावर लगेच बोलू नका. चार-पाच सेकंद गप्प बसा, खुर्चीही करकरू देऊ नका. हा रिकामा तुकडा म्हणजे घरघरीचा नमुना.

नंतर तेवढाच तुकडा माउसने निवडा, इफेक्ट मेनूतून नॉइज रिडक्शन उघडा आणि ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा. खिडकी लगेच बंद होते. काहीच झालं नाही असं वाटतं, पण नमुना घेतला गेलेला असतो. आता कंट्रोल-ए दाबून सगळं रेकॉर्डिंग निवडा आणि तोच इफेक्ट पुन्हा उघडा. घरघर किती कमी करायची त्याचा आकडा तिथे डेसिबलमध्ये (आवाजाच्या मापात) द्यायचा असतो; १२ डेसिबल बहुतेक वेळा पुरतात. हावरटपणे ३० केलंत तर माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटायला लागतं. तिथेच ‘रेसिड्यू’ निवडून प्रीव्ह्यू ऐका: काय कापलं जाणार तेवढंच ऐकू येतं. त्यात तुमचे शब्द ओळखू आले तर आकडा खाली आणा. मग ‘रिड्यूस’वर परत येऊन ओके करा, हे मात्र विसरू नका.

कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न असल्या मधूनच येणाऱ्या आवाजांवर याचा उपयोग नाही. तिथे ते वाक्य पुन्हा बोललेलं बरं.