गाडी टोटल लॉस झाली, पण बाहेरून बसवलेल्या सामानाचे पैसे मिळणार का? या चुका टाळा

गाडी ओढून आणण्याचा आणि दुरुस्तीचा मिळून खर्च आयडीव्हीच्या (म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. चोरीला गेली आणि सापडलीच नाही, तरी हिशोब आयडीव्हीवरच होतो. आणि मग कळतं की हौसेनं बसवलेली अलॉय चाकं, अँप्लिफायर, सीएनजी किट यांचा त्यात उल्लेखच नाही. ही चूक बहुतेक वेळा कित्येक महिने आधी, पॉलिसी घेतानाच झालेली असते.

"आयडीव्हीत सगळं आलंच" असं धरून चालणं

आयडीव्ही म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीनं जाहीर केलेली त्या मॉडेलची किंमत, वजा घसारा. गाडी ६ महिन्यांपर्यंतची असेल तर ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. त्यापुढे आकडा तुमच्या आणि विमा कंपनीच्या संमतीनं ठरतो. बाहेरून बसवलेलं सामान त्या जाहीर किमतीत नसतं, म्हणून त्याची किंमत वेगळी सांगावी लागते. तिलाही तसाच घसारा लागतो.

हिशोब मांडून बघा. गाडीची जाहीर किंमत ९,००,००० रुपये. गाडी नवी असतानाच बाहेरून टायरसकट अलॉय ६०,०००, म्युझिक सिस्टीम ४५,००० आणि सीएनजी किट ५५,००० असं १,६०,००० चं सामान बसवलं. चौथ्या वर्षी ४० टक्के घसारा वजा होऊन गाडीची आयडीव्ही ५,४०,००० आणि सामानाची ९६,००० होते. सामान नोंदवलं असेल तर दावा ६,३६,००० वर चालतो, नसेल तर ५,४०,००० वर. दोन्हीतून सक्तीची वजावट जाते: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनाला २,०००.

शेड्यूलमधले रकाने न वाचणं

पॉलिसीच्या पहिल्या-दुसऱ्या पानावरच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूलमध्ये, गाडीच्या आयडीव्हीच्या ओळीतच पुढे तीन रकाने असतात: नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज आणि सीएनजी/एलपीजी किट. तिथे शून्य छापलं असेल तर त्या सामानासाठी शून्यच मिळणार. अलॉय, सीट कव्हर, रूफ कॅरिअर हे पहिल्या रकान्यात येतात. म्युझिक सिस्टीम, जादा दिवे, रिव्हर्स कॅमेरा दुसऱ्यात.

इलेक्ट्रिकल सामान आणि किटसाठी जुन्या टॅरिफचा (सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेल्या दरपत्रकाचा) दर किमतीच्या ४ टक्के होता. ओडी प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता) २००७ पासून खुला झाला, त्यामुळे आजचा दर आपल्या कंपनीकडून विचारून घ्या. तरी अंदाज येतो: वरच्या उदाहरणात म्युझिक सिस्टीम आणि किट मिळून ६०,००० होतात, त्याचे ४ टक्के म्हणजे २,४०० रुपये, वर जीएसटी.

सर्वात जास्त घात होतो तो ऑनलाइन नूतनीकरणात. कंपनी बदलली की नव्या कोटेशनमध्ये हे रकाने बहुधा कोरे असतात. गेल्या वर्षी नोंद होती म्हणून या वर्षी आपोआप राहते असं नाही. पैसे भरण्याआधी जुनं आणि नवं शेड्यूल शेजारी ठेवून रकाना-रकाना जुळवा. वर्षाच्या मध्ये काही बसवलं तर लगेच एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, मागा. कंपनी गाडी तपासेल, उरलेल्या दिवसांचा प्रीमियम घेईल आणि नवा कागद देईल. एजंटनं फोनवर "टाकलंय" म्हटलं, तरी तो कागद हातात येईपर्यंत नोंद झाली असं धरू नका.

झिरो डेप आणि रिटर्न टू इन्व्हॉइसवर विसंबणं

हे दोन्ही जादा हप्ता भरून घ्यायचे पर्याय. झिरो डेपमध्ये सुट्या भागांवर घसारा कापत नाहीत; ते दुरुस्तीला उपयोगी पडतं, टोटल लॉसला नाही. रिटर्न टू इन्व्हॉइसमध्ये गाडीच्या मूळ बिलाची किंमत मिळते, पण नंतर बाहेरून बसवलेलं सामान त्या बिलात नसतंच.

कच्चं बिल

जीएसटी क्रमांकाचं पक्कं बिल घ्या. त्यावर गाडीचा नंबर, वस्तूचा ब्रँड, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. बसवल्यावर तीन फोटो काढा: नंबर प्लेटसकट पूर्ण गाडी, वस्तू जागेवर बसलेली, आणि सीरियल नंबरचं स्टिकर. अँप्लिफायर सहसा सीटखाली असतो, पुराच्या पाण्यात तोच आधी बुडतो आणि स्टिकर धुऊन जातं. फोटो असला तर वाद राहत नाही.

आरसीवर नोंद नसलेले बदल

सीएनजी किट त्या मॉडेलसाठी मंजूर असलेलं, अधिकृत केंद्रातून बसवलेलं आणि आरटीओत आरसीवर चढवलेलं हवं. सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्या. आरसीवर फक्त "पेट्रोल" असेल आणि गाडी जळाली, तर वाद किटच्या किमतीवर थांबत नाही, अख्खा दावा अडकतो.

दिव्यांचं तसंच. मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. त्या जागी १०० वॅटचे दोन बसवले की १२ व्होल्टवर जवळपास १७ अँपिअर लागतात. वेगळी रिले वायरिंग नसेल तर होल्डर वितळतो, वायर तापते. आग लागल्यावर सर्व्हेअर (नुकसान तपासायला येणारा) फ्यूज आणि जोडलेल्या वायरीच आधी बघतो.

बुल बार, म्हणजे बंपरपुढचा लोखंडी गार्ड, लावू नका. केंद्रीय परिवहन मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

सर्व्हेआधी सामान काढून घेणं

पॉलिसीचं संरक्षण गाडीवर बसलेल्या सामानाला आहे. गॅरेजमधून अलॉय काढून घरी नेले तर नोंदवलेल्या अलॉयचाही दावा अडचणीत येतो, आणि मोडलेली गाडी भंगारात विकायची बोली ठरल्यावर काढले तर त्यांची रक्कम तुमच्या दाव्यातून कापली जाऊ शकते. सामान नोंदवलेलं नसेल, पण शाबूत असेल, तर सर्व्हे झाल्यावर आणि बोली लागण्याआधी कंपनीला ईमेल करा: "हे सामान विम्यात धरलेलं नाही, मूळ चाकं बसवून देतो, माझं काढून न्यायला लेखी परवानगी द्या." मूळ चाकं विकून टाकली नसतील तर हे सोपं जातं. म्हणून अलॉय बसवताना जुनी चाकं जपून ठेवा.

हिशोब न बघता सही

पैसे देण्याआधी कंपनी सही घेते त्या डिस्चार्ज व्हाउचरवर "पूर्ण आणि अंतिम" लिहिलेलं असतं. सहीआधी सर्व्हे अहवालाची प्रत मागा. गाडी, प्रत्येक अ‍ॅक्सेसरी, वजावट आणि सॅल्व्हेज (भंगाराची किंमत) यांचे वेगळे आकडे लेखी घ्या. नोंदवलेली वस्तू हिशोबातून गळली असेल तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करा, आणि सोबत शेड्यूल, बिल आणि ते तीन फोटो जोडा.