ग्राफ्ट भरण्याआधी : पेरिओला नव्याने आलेल्यांसाठी

पेरिओला, म्हणजे हिरड्या आणि दातांभोवतीच्या हाडाच्या शाखेला, ॲडमिशन मिळालेली मुलं कोल्हापुरात भेटली की पहिल्यांदा विचारतात, "मॅम, ग्राफ्ट कुठला वापरता?" ग्राफ्ट म्हणजे झिजलेल्या हाडाच्या खड्ड्यात भरायचे दाणे. मी त्यांना माझ्या सुरुवातीच्या एका केसबद्दल सांगते.

गडहिंग्लजकडचे एक काका. "मटणाची नळी चोखायची म्हटली की दाढ हलतीया बघा, मॅडम." निरोगी हिरडीत प्रोब (खोली मोजायची खुणांची बारीक सळी) ३ मिमीपर्यंत जातो, इथे ८ मिमी गेला. एक्स-रेत मुळाशेजारी उभा खड्डा. मी स्केलिंग, रूट प्लेनिंग म्हणजे दातांची आणि मुळांची खोल सफाई केली, फ्लॅप उघडला, म्हणजे हिरडी कापून बाजूला केली, ग्राफ्ट भरला, टाके घातले. दहाव्या दिवशी टाके काढायला आले तेव्हा जखम उघडी पडलेली, ग्राफ्टचे दाणे बाहेर आलेले आणि हिरडीवर मिश्रीचा काळा थर. मी तंबाखूचं विचारलं होतं, त्यांनी "खात न्हाई" म्हणून सांगितलं होतं. मिश्री त्यांच्या हिशेबी तंबाखू नव्हतीच. तेव्हापासून मी मिश्रीचं नाव घेऊनच विचारते. मधुमेह असेल तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) आटोक्यात आल्याशिवाय फ्लॅप उघडत नाही.

दुसरं, खड्ड्याच्या भिंती मोजायला शिका. तीन बाजूंनी हाड शाबूत असेल तर रक्ताची गुठळी आत टिकते आणि हाड भरायला वाव मिळतो. एकच भिंत उरली असेल तर फार आशा धरू नये. सगळीकडून सपाट झिजलेलं हाड आज कुठल्याच ग्राफ्टने भरवशाने वर येत नाही. पेशंटला ते आधीच स्पष्ट सांगा.

दंतसंशोधक मेल्चर यांनी १९७६ मध्ये मांडलं, की मुळापाशी कुठल्या पेशी आधी पोचतात त्यावर जखम कशी भरणार हे ठरतं. हिरडीची त्वचा भराभर खाली उतरते, दात हाडाला धरून ठेवणाऱ्या लिगामेंटच्या पेशी मागे पडतात. मेम्ब्रेन म्हणजे हिरडीखाली ठेवायचा पातळ पडदा, त्या त्वचेला घातलेला बांध. ऊस पिकवणाऱ्याला एवढं सांगितलं की पुढचं तोच विचारतो.

काही ग्राफ्ट गोवंशाच्या हाडाचे असतात, मुळावर लावायचं इनॅमल मॅट्रिक्सचं (दाताचं कवच घडवणाऱ्या प्रथिनांचं) जेल डुकराच्या वाढत्या दातांपासून बनतं. हे संमतीपत्रावर सही घेण्याआधी मराठीत, तोंडाने सांगायचं. आपल्याकडे कितीतरी घरांत हा श्रद्धेचा प्रश्न आहे, तो लपवणं मला गुन्हा वाटतो. अशा वेळी पीआरएफ (रक्त फिरवून काढलेली फायब्रिनची गुठळी) कामी येतं, कारण रक्त पेशंटचं स्वतःचंच. ट्यूबमध्ये रक्त गोठू न देणारं औषध नसतं, म्हणून रक्त काढलं की मिनिटभरात सेंट्रिफ्यूज (ट्यूब गरगर फिरवणारं यंत्र) सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर रक्त आधीच गोठतं. वेळेत झालं तर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर पाणी आणि मधे खरवसासारखी लवचिक गुठळी दिसते. तीच हलक्या हाताने दाबून खड्ड्यात ठेवायची.

काकांनी मिश्री सोडली. चार महिन्यांनी पुन्हा फ्लॅप उघडला, त्यानंतर सहा महिने तिथे प्रोब घातला नाही, दर महिन्याला नुसती सफाई. वर्षाने प्रोब ४ मिमीवर थांबला.