गावच्या नाल्यावर विद्यार्थ्यांची पाणलोट स्पर्धा कशी घ्यावी

शाळेत पाणलोटाच्या, म्हणजे ज्या भागातलं पाणी एकाच नाल्याला येतं त्या भागाच्या, संवर्धनाची स्पर्धा म्हटली की बहुतेक वेळा चित्रकला, घोषवाक्य आणि निबंध एवढ्यावर काम भागवलं जातं. मुलं मन लावून रंगवतात. पण आपला नाला कुठल्या बरडावरून, म्हणजे मुरमाड माळावरून, निघतो आणि पुढे कुठल्या नदीला मिळतो, हे त्यांना बक्षीस घेतल्यावरही सांगता येत नाही. म्हणून स्पर्धा मोजमापाची घ्या. ज्या गटाने नाला पायी पाहिला, पाऊस मोजला, विहीर मोजली, त्याला गुण. चित्र काढायचंच असेल तर ते नकाशाचं काढू द्या.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. पहिल्याच आठवड्यात स्पर्धा जाहीर करा. पाऊस तोवर लागलेला असतो आणि पडून गेलेला पाऊस नंतर मोजता येत नाही. सहावी ते नववीची मुलं घ्या, पाच-सहा जणांचे गट करा. एकाच मोहल्ल्यातली मुलं एका गटात घालू नका. टोली, पोड, तांडा या बाजूच्या वस्त्या आणि मुख्य गाव अशी मिसळ झाली की नाल्याची माहितीही चारही बाजूंनी येते.

आधी नकाशा

तलाठ्याकडे गावनकाशा मिळतो. त्याची प्रत घेऊन गटांना शिवारफेरीला काढा, माथ्यापासून पायथ्यापर्यंत. प्रत्येक चढावर उभं राहून एकच प्रश्न विचारायचा: इथे पडलेलं पाणी कुठे जाईल? उत्तर बदलतं ती जागा म्हणजे पाणलोटाची सीमा. तिथे नकाशावर खूण करायची. धुरा (शेताचा बांध) कुठे फुटला, नाल्याचा काठ कुठे खचला, कोणत्या पांदणीतून (शेतवाटेतून) पाणी वाहतं, हेही टिपायचं.

इथे एक गोष्ट हमखास दिसेल. गावाची शीव आणि पाणलोटाची सीमा जुळत नाही; माथा शेजारच्या गावात असतो. अशा वेळी त्या गावच्या शाळेलाही सोबत घ्या. एकाच नाल्यावरच्या दोन शाळा एकमेकींविरुद्ध लढवण्यापेक्षा प्रत्येक गटात दोन्हीकडची मुलं घालणं मला कधीही बरं वाटतं. वरच्या गावातली माती खालच्या तलावात येऊन बसते, हे मुलांना त्यातूनच कळेल. माथा जंगलात असेल तर वनरक्षकाला आधी सांगा आणि त्याच्यासोबतच जा.

मग मोजणी

पर्जन्यमापक घरीच होतो. सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली घ्या, गळ्याकडचा भाग कापून तोच उलटा बसवा. बाटलीचा तळ उंचसखल असतो, त्यामुळे तळाशी खडे टाकून वर थोडं पाणी भरा आणि त्या पातळीला शून्याची खूण करा. तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. झाड आणि छपरापासून लांब ठेवा, रोज सकाळी साडेआठला वाचा, वहीत लिहा आणि पाणी पुन्हा शून्यावर आणा.

आकड्यांचा अर्थ मुलांना लगेच लावता येतो. एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. शाळेचं टिनाचं छप्पर 80 चौरस मीटर असेल आणि 25 मिलिमीटर पाऊस झाला, तर 2000 लिटर पाणी पन्हाळीवाटे निघून जातं. तोच पाऊस एक हेक्टर वावरावर पडला तर अडीच लाख लिटर. हे गणित मुलांनी स्वतःच्या वहीतल्या आकड्यावर केलं पाहिजे, फळ्यावरून उतरवून नाही. 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात, हे घरी बापाला माहीत असतंच. त्यामुळे ही वही घरातही वाचली जाते.

दुसरी मोजणी मातीची. जोराच्या पावसानंतर नाल्याचं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं, बाटलीवर तारीख लिहायची आणि ती हलवायची नाही. काळ्या मातीचं पाणी दोन दिवसांतही निवळत नाही. चिमूटभर तुरटी टाका, पण सगळ्या बाटल्यांत सारखीच. मग तळाशी बसलेला थर पट्टीने मोजा. उघड्या बरडाखालची बाटली आणि गवताच्या धुऱ्याखालची बाटली शेजारी ठेवली की मास्तरांना काही बोलावं लागत नाही. स्पर्धेतली सगळ्यात बोलकी गोष्ट हीच, तिला वेळ द्या.

विहिरीची पातळी दर पंधरा दिवसांनी, गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून, काठापासून पाण्यापर्यंत. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारं, तिथे विहिरीऐवजी शेततळं मोजा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलाव, म्हणजे मालगुजारांच्या काळातला जुना गावतलाव, असेल तर त्याची पातळी, सांडवा (जादा पाणी बाहेर पडायची वाट) आणि त्यात येणारे नाले पाहा.

एका बाबतीत अजिबात सूट देऊ नका. विहिरीवर दोरी मोठ्या माणसाने सोडायची, मुलांनी काठापासून दूर उभं राहून आकडा लिहायचा. पूर असताना नाल्याकाठी कुणीही जायचं नाही. पाणी उतरल्यावर, शिक्षकासोबत, काठावरूनच बाटली भरायची. ढग गडगडले की फेरी तिथेच थांबवून पक्क्या इमारतीत यायचं, झाडाखाली नाही. हे नियम मोडणाऱ्या गटाचे गुण कापले जातील, हे जाहीर करतानाच सांगा.

ऑक्टोबर-नोव्हेंबरचं काम

नाल्याची धार बारीक झाली की वनराई बंधारा, म्हणजे पाणी अडवायला पोत्यांचा तात्पुरता बांध, घालता येतो. सिमेंटची रिकामी पोती वाळू-मातीने भरायची, तोंडं शिवायची आणि विटांच्या बांधकामासारखी सांधेमोड करून आडवी रचायची. मधल्या फटींत चिकणमाती. ग्रामपंचायतीची परवानगी आधी घ्या, उंची गुडघ्याच्या आसपास ठेवा. पोती भरणं-उचलणं पालक आणि गावकरी करतील. मुलांनी जागा सुचवायची आणि तीच का, हे आपल्या नकाशावरून पटवून द्यायचं.

गुण आणि परीक्षक

शंभरातले 45 गुण मोजणीच्या वहीला द्या, 25 नकाशाला, 20 सुचवलेल्या कामाला, 10 मांडणीला. रोजचे आकडे सुटले असतील आणि मुलांनी ती जागा प्रामाणिकपणे कोरी ठेवली असेल, तर गुण कापू नका; मागाहून अंदाजाने भरलेली वही मात्र ओळखता येते आणि तिला कमीच गुण द्यावेत.

परीक्षक म्हणून कृषी सहायक हवा, विज्ञानाचे शिक्षक हवेत. त्यांच्यासोबत गुरं चारून सगळा शिवार पालथा घातलेला गुराखी, हातपंपावर रोज उभी राहणारी बाई, तलावाच्या गावी ढिवर समाजातला जुना मच्छीमार यांनाही बसवा. कोणता झरा कधी आटतो, हे त्यांना पाठ असतं. मुलांना प्रश्नही तेच नेमके विचारतात.

निकाल 26 जानेवारीला लावा. झेंड्यासाठी गाव शाळेत आलेलं असतं, त्याच वेळी पहिल्या तीन गटांना नकाशे आणि बाटल्या मांडायला सांगा. सरपंच, ग्रामसेवकांना आधी कळवून ठेवा, म्हणजे मुलांनी सुचवलेलं एखादं काम ग्रामसभेत मांडता येईल. ढालीवर पैसे घालवू नका. चांगली पुस्तकं द्या किंवा शाळेला पक्का पर्जन्यमापक घ्या.

मे संपायच्या आत बंधाऱ्याची पोती काढून घ्या, नाहीतर पहिल्या पुरात प्लास्टिक खालच्या वावरांत जातं. वह्या मुलांना घरी नेऊ देऊ नका. त्या शाळेच्या कपाटात ठेवा; पुढच्या जूनमध्ये नवे गट त्याच विहिरीवर आणि त्याच नाल्यावर मोजायला लागतील तेव्हा त्यांना मागचे आकडे लागतील.