लोकवस्तीसाठीचा अंतिम वर्षाचा स्थापत्य प्रकल्प कसा करावा
आराखड्याला हात घालण्यापूर्वी जागेवर किमान दोनदा जावे आणि त्यांतील एक फेरी भर पावसात असावी. कारण पाणी नेमके कोठे तुंबते हे कोरड्या दिवशीच्या सर्वेक्षणात दिसत नाही, ते रहिवाशांनाच ठाऊक असते आणि भिंतीवरील ओलीच्या रेषेवरून मोजता येते. आराखडा कच्चा असतानाच लोकांसमोर ठेवावा. उदाहरणार्थ, प्रकल्प वाचनालयाचा असेल आणि त्याच्या ६० सेंटिमीटर उंच जोत्याला १:१२ उताराचा (म्हणजे उंचीच्या बारापट लांबीचा) रॅम्प द्यायचा असेल तर ७.२ मीटर लांबी लागते, आणि अंगणात तेवढी जागा नसल्यास वळण व त्यावरील सपाट टप्पा आधीच ठरवावा लागतो. गणिते व रेखाचित्रे अनुभवी, परवानाधारक अभियंत्याकडून तपासून घ्यावीत. विद्यार्थ्यांचा आराखडा तसाच बांधकामाला देणे मला अजिबात मान्य नाही. पुढील देखभाल कोण करणार, हेही अहवालात स्पष्ट लिहावे.