रस्ता अ‍ॅपला आखू देऊ नका: इंग्लंडच्या खेड्यांतून सायकल चालवताना या चुका टाळा

मार्चअखेर घड्याळं तासभर पुढे गेली, संध्याकाळी सातलाही उजेड राहू लागला, की मला मेसेज यायला सुरुवात होते. "ताई, नवी रोड बाइक घेतलीय. रविवारी तुमच्याबरोबर येतो. रूट मी काढलाय." खाली एक लिंक. ती उघडली की दहा मिनिटांत कळतं, हा रविवारी दुपारी कुठल्या चिखलात अडकणार आहे. बारा वर्षं मी या भागात आपल्या मंडळींना घेऊन फिरतेय आणि चुका त्याच त्या. म्हणून एकदा लिहूनच काढते.

अ‍ॅपने दिलेली रेघ म्हणजे रस्ता नव्हे

सगळ्यात मोठी चूक ही. निघायचं ठिकाण टाकलं, पोचायचं टाकलं, 'सायकल' निवडलं आणि निघाले. तुमचं टायर पंचवीस मिलिमीटरचं आहे की पन्नासचं, कालपासून पाऊस पडतोय की ऊन आहे, याच्याशी अ‍ॅपला काही देणंघेणं नसतं. इंग्लंडमध्ये ब्राइडलवे म्हणून घोडेस्वारांच्या जुन्या वाटा आहेत. १९६८ च्या कायद्याने त्यांवर सायकलला मुभा मिळाली, म्हणून अ‍ॅप त्या वाटा बिनदिक्कत रूटमध्ये घालतं. पण मुभा आहे म्हणजे खाली डांबर आहे असं नाही.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही पाच जण चिल्टर्न्समध्ये, म्हणजे लंडनजवळच्या टेकड्यांत होतो. ग्रेट मिसेंडन स्टेशनवर उतरायचं, साठेक किलोमीटर फिरायचं आणि प्रिन्सेस रिझबरोहून परतीची गाडी पकडायची, असा बेत. पुण्याहून नुकताच आलेला एक मुलगा सोबत होता. पायांत भरपूर ताकद, पण धीर अजिबात नाही. ग्रेट हॅम्पडनच्या अलीकडे तो म्हणाला, "ताई, इथून डावीकडे गेलो तर चार किलोमीटर वाचतात." मला वाट माहीत नव्हती. त्याचं मन कशाला मोडा, म्हणून मी हो म्हटलं.

सुरुवातीला छान वाटलं. बीचच्या झाडांखाली तांबूस पानांचा नुसता गालिचा. मग पानांखालची माती लागली. चिल्टर्न्सचे डोंगर खडूचे असले तरी माथ्यावर चिकणमातीचा थर आहे आणि त्यात गारगोट्या ठासून भरल्यात. ती माती टायरला चिकटते, टायर ती ब्रेकपर्यंत नेतं, तिथे पानं अडकतात आणि चाक फिरायचंच बंद होतं. ढकलताही येईना, तेव्हा सायकली खांद्यावर घेतल्या. डांबरावर आल्यावर काटकी घेऊन फोर्क आणि टायरच्या फटीतला गाळ उकरत बसलो. पानं, माती आणि गारगोटीचे कपचे एकत्र दाबलेला, विटेसारखा घट्ट ठोकळा निघत होता. एका बुटाच्या क्लीटमध्ये, म्हणजे पेडलला अडकणाऱ्या तळाच्या खुंटीत, खडा असा रुतला होता की स्क्रूड्रायव्हरने काढावा लागला.

चार किलोमीटर वाचवायला एक तास दहा मिनिटं गेली. त्या दिवसांत सूर्य चारच्या आतच मावळतो. पाच जणांत दिवे दोघांकडे. एक दिवा पुढे, एक मागे, मध्ये तिघं अंधारात, असे आम्ही शेवटचे बारा किलोमीटर काढले. या अरुंद लेनवर, म्हणजे खेड्यांतल्या रस्त्यांवर, वेगळा फलक नसेल तर मोटारीला ताशी साठ मैलांची मुभा असते. वळणावरून दिवे आले की मी ओरडायची आणि सगळे कुंपणाला चिकटून उभे राहायचे. ती भीती मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून शॉर्टकट सुचवणाऱ्याला मी एकच विचारते: तू स्वतः त्या वाटेने गेलायस का?

माझी सवय सांगते. शुक्रवारी रात्री ऑर्डनन्स सर्व्हेचा (इथली सरकारी नकाशा संस्था) गुलाबी कव्हरचा लँडरेंजर नकाशा टेबलावर पसरते. त्यात १ सेंटीमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. पिवळे रस्ते जोडत जाते, कारण ते डांबरी आणि बहुधा कमी रहदारीचे असतात. पांढरा रस्ता लागला की संशय घ्यायचा, तुटक रेघ लागली की सोडून द्यायची. मग तोच रूट अ‍ॅपमध्ये हाताने, एकेक बिंदू टाकून भरते आणि शंका येईल तिथे रस्त्याचे फोटो उघडून बघते. पाऊण तास जातो. एवढा वेळ नसेल तर आधी कोणी चालवलेला रूट घ्या, नवा काढू नका.

निळ्या फलकांवर लाल चौकोनात आकडा दिसला, म्हणजे नॅशनल सायकल नेटवर्कचा मार्ग, म्हणून डोळे मिटून जाणारेही खूप. त्यातले काही भाग सुरेख डांबरी लेन आहेत, काही कालव्याकाठची माती, तर काही बंद पडलेल्या रेल्वेची खडी. प्रसिद्ध सी-टू-सी मार्गावरही, पश्चिमेच्या व्हाइटहेवनहून पूर्वेच्या टाइनमथला जाताना, असे कच्चे तुकडे लागतात. रोड बाइकवाल्यांनी तिथे बाजूचा डांबरी पर्याय आधीच शोधून ठेवावा.

उंचीवरून चढाचा अंदाज बांधू नका

ही चूक खास आपल्या लोकांची. कात्रज, खंबाटकी, सिंहगड केलेला माणूस इथले आकडे बघतो. डिचलिंग बीकन २४८ मीटर, सरे परगण्यातला सगळ्यात उंच लीथ हिल २९४ मीटर. "हे काय डोंगर आहेत?" असं म्हणतो आणि पेडलजवळचं मोठं दातेरी चाक न बदलता येतो. आपले घाट गाड्यांसाठी वळणं घेत बांधले. एक लय धरली की तासभर चढत राहता येतं. इथल्या कित्येक लेन मात्र बैलगाडी-घोडागाडीच्या काळातल्या, नाकासमोर सरळ वर जाणाऱ्या. डिचलिंग बीकनचा चढ जेमतेम दीड किलोमीटरचा, पण सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास आणि मध्ये त्याहून बराच खडा. एका चढाने कोणी मरत नाही. डेव्हनमध्ये मात्र ओढ्यापाशी उतरायचं, टेकडी चढायची, पुन्हा पुढच्या ओढ्यापाशी उतरायचं, असं दिवसभर चालतं आणि सत्तर किलोमीटरला माणूस रिकामा होतो.

म्हणून शिखराची उंची बघू नका, एकूण चढाई बघा. दर दहा किलोमीटरला शंभर मीटरच्या आत असेल तर नवख्याला आणावं, दीडशेच्या पुढे गेलं तर आणू नये, हा माझा हिशोब. नकाशावर रस्त्याच्या अंगावर बाण दिसतात, तेही वाचा. एक बाण म्हणजे १४ ते २० टक्के, दोन बाण म्हणजे त्याहून खडा, आणि बाणाचं टोक उताराकडे. एक्समूरमधल्या पोरलॉक हिलला दुहेरी बाण आहे, चारास एक, म्हणजे चार मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. त्याच्या शेजारून टोल रोड झाडीतून वळणं घेत सावकाश वर जातो. तिथे मी दर वेळी टोल रोड घेते आणि त्यात कमीपणा मानत नाही. लेक डिस्ट्रिक्टमधला हार्डनॉट पास तर काही ठिकाणी तीनास एक आहे. ओल्या रस्त्यावर तो उतरू नका. चढण्यापेक्षा उतरणं धोक्याचं आहे.

ओढ्यातून सायकल घालू नका

लेनमध्येच ओढा रस्त्यावरून वाहतो, त्याला फोर्ड म्हणतात. आपल्याकडचा फरशी पूलच समजा. पाणी चार बोटं खोल दिसतं, फोटोचा मोह होतो. खालच्या काँक्रीटवर वर्षानुवर्षांचं हिरवं शेवाळ असतं. माझ्या डोळ्यांदेखत एका मैत्रिणीचं पुढचं चाक तिथे सटकलं आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. बाजूला पादचाऱ्यांचा पूल बहुतेक असतोच. उतरा आणि सायकल हातात धरून न्या.

सप्टेंबरनंतर एकच ट्यूब पुरत नाही

पक्ष्यांच्या विणीमुळे १ मार्च ते ३१ ऑगस्ट शेतकऱ्यांना हेज, म्हणजे शेताकडेची झुडपी कुंपणं, छाटायला मनाई असते. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टर निघतात आणि हॉथॉर्नचे काटे लेनभर पसरतात. पुढे पाऊस खडूच्या डोंगरातल्या गारगोट्या रस्त्यावर आणतो. तुटलेल्या गारगोटीला ब्लेडसारखी धार असते आणि ओलं रबर सहज कापलं जातं. दोन ट्यूब, पॅच आणि पंप. हवा भरायच्या गॅसच्या नळकांडीवर माझा भरवसा नाही. ती दुसऱ्या पंक्चरला संपते. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. घाईत हे विसरणारे शंभर मीटरवर पुन्हा थांबतात.

बाकीचं थोडक्यात

वारा बहुधा नैऋत्येचा. जाताना त्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकल्यावर येताना तो पाठीशी येतो.

रविवारी दुपारी खेड्यातलं दुकान उघडं असेल असं धरू नका. पबचं स्वयंपाकघरही बरेचदा अडीच-तीनला बंद होतं. खिशात दोन चिक्क्या ठेवा.

रविवारी रुळांची कामं निघाली तर गाडीऐवजी बस येते आणि बसवाले सहसा सायकल घेत नाहीत. आदल्या रात्री बघा.

गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात बसवलेल्या लोखंडी जाळीवरून सरळ काटकोनात जा, वळू नका, ब्रेक लावू नका.

आणि घोडा. मागून गुपचूप, चाकांचा नुसता सर्र आवाज करत त्याला ओलांडणं ही अक्षम्य चूक आहे. घोडा बिथरला तर वरची स्वार मुलगी डांबरावर पडते. वीस-पंचवीस मीटर आधीच मोठ्याने 'मॉर्निंग!' म्हणा, माणसाचा आवाज ऐकला की घोडा ओळखतो. स्वाराने मान वळवून बघेपर्यंत थांबा. मग उजव्या अंगाने, भरपूर अंतर ठेवून, हळू जा. डाव्या बाजूने कधीच नको. एकदा एका आजीबाईंनी घोड्यावरून मला थांबवलं, आमच्या रांगेतल्या शेवटच्या मुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, त्याने हळू आवाजात घोड्याशी बोलत आमच्या मागे दोन मिनिटं वाट पाहिली, त्याला माझे आभार सांगा. तो हॅम्पडनजवळ शॉर्टकट सुचवणाराच मुलगा होता.